भिंतीपलीकडे चाललेलं आमचं वायफाय

आमच्या पाड्यात इंटरनेटची वायर आली ती माझ्यामुळे. हे मी आपणहून कुणाला सांगत सुटत नाही, पण कुणी विचारलं तर लपवतही नाही.

वज्रेश्वरीच्या बाजारातून आमच्याकडे येणारा रस्ता आधी मुंबईच्या लोकांच्या बंगल्यांना वळसा घालतो आणि डांबर संपलं की पाड्यात शिरतो. नेटची काळी वायर बंगल्यांपर्यंत कधीचीच आलेली होती. शेवटचा खांब आमच्या शेजारच्या बंगल्याच्या फाटकाशी. त्या बंगल्याची मागची भिंत आमच्या अंगणापासून तीस पावलांवर आहे, पण वायर काही ती तीस पावलं चालत नव्हती. वज्रेश्वरीतला नेटवाला म्हणाला, "पाड्यात कोण घेणार कनेक्शन? एका घरासाठी मी खांब कुठे टाकत बसू?"

मी त्याच्या दुकानात पाच वेळा गेले. पाचव्या वेळी बाबांना घेऊन गेले. बाबा माझ्यामागे उभे राहून सगळं ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "खांब मी रोवतो. तू वायर आन."

दोन दिवसांत त्यांनी चार जाड बांबू तासले, खड्डे खणले, दगड ठोकून पक्के केले. नेटवाला आला, बांबू हलवून बघितले, हलले नाहीत. मग त्यानं वायर ओढायला घेतली. त्या संध्याकाळी आमच्या घरात भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीत हिरवे दिवे लागले आणि आख्खा पाडा ते बघायला येऊन गेला. आई खाटेवर पडल्या पडल्या प्रत्येकाला सांगत होती, "पोरीच्या कामाचं हाय."

कामाचं होतं, हे खरं. मी बारावी झाले तेव्हा पाड्यात बारावी झालेली दुसरी मुलगी नव्हती. नंतर भिवंडीजवळच्या एका मोठ्या गोदामात लागले. लोकांनी ऑनलाइन मागवलेला आणि मग परत पाठवलेला माल तिथे यायचा. त्या खोक्यांवरचा बारकोडचा पट्टा मशीननं वाचायचा, खोकं उघडून बघायचं, कारण लिहायचं. जायला बस, मग रिक्षा, यायला तेच उलटं. दोन वर्षं मी ते केलं. मग एका सकाळी आई अंगणात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण दिवसा घरात कुणीतरी लागणार होतं. बाबा शेजारच्या बंगल्यावर माळीकाम करतात, पंप बघतात, राखण करतात. ते सकाळी जातात ते दुपारी जेवायला येतात. मी नोकरी सोडते म्हणून सांगायला गेले.

आमची टीम लीडर भिवंडीतल्या नारपोलीची. तिच्या घराच्या खालीच कापडाचे लूम चालतात, त्यामुळे ती फोनवरही लूमच्या आवाजावरून बोलल्यासारखी मोठ्यानं बोलते. ती म्हणाली, "छोडना मत. रिटर्नच्या चॅटचं काम घरून चालतं. तुला मराठी, हिंदी दोन्ही येतं, टायपिंग फास्ट आहे. कंपनी लॅपटॉप देईल. फक्त नेट पक्कं पाहिजे."

म्हणून ती वायर.

चॅटचं काम म्हणजे माणसं मेसेज करतात आणि आपण उत्तर द्यायचं. मिक्सर फुटका आला, साडीचा रंग वेगळा निघाला, चप्पल एकाच पायाच्या दोन आल्या. एका वेळी तीन जणांशी बोलायचं. बोलणं मधेच तुटलं तर ते माझ्या नावावर 'सोडलेली चॅट' म्हणून लागतं. नेट गेलं की विजेनं दगा दिला, हे तिथे कुणी विचारत नाही. मला ते काम आवडायचं. आईच्या खाटेजवळ टेबल, तिला वळायला मदत करायची, औषध द्यायचं, भाताची पेज द्यायची, आणि मधल्या वेळात नागपूरच्या एखाद्या बाईची चप्पल बदलून द्यायची. माझं इंग्रजी बेताचं, पण मराठीत आणि हिंदीत मी रागावलेल्या माणसाला दहा मिनिटांत थंड करायचे.

पहिले तीन महिने छान गेले. मग शनिवार-रविवार बिघडायला लागले.

सोमवार ते शुक्रवार नेट सरळ चालायचं. शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला स्क्रीनवरचं चक्र गोल फिरायला लागायचं. मी उत्तर लिहायचे आणि ते जायचंच नाही. समोरच्याचा मेसेज यायचा, 'आहात का?', आणि मी आहे हे त्याला कळवता येत नसे. नेमके शनिवार-रविवारी लोक घरी असतात, खोकी उघडतात, तक्रारी करतात. म्हणजे सगळ्यात जास्त काम त्याच दोन दिवशी, आणि त्याच दोन दिवशी माझे हात बांधलेले. नेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मोठा प्लॅन घ्या." घेतला. महिनाभर तसंच.

टीम लीडरचा फोन आला. या वेळी ती हळू बोलत होती, त्यामुळेच मला भीती वाटली. "देख, मी वरती किती दिवस सांभाळू? शनिवारच्या सोडलेल्या चॅट तुझ्या सगळ्यात जास्त आहेत. अजून दोन आठवडे बघतील. मग परत फ्लोअरवर बोलावतील."

फ्लोअरवर म्हणजे गोदामात. म्हणजे आईला एकटं सोडून. मी आईला काही बोलले नाही. पण घर केवढं आहे आमचं! तिनं सगळं ऐकलं होतं.

माझा पहिला संशय आत्येभावावर गेला, आणि ही गोष्ट सांगताना अजून मान खाली जाते. त्याचं घर आमच्या घरापुढे, आणि मधे चिंच आहे. कामावरून आला की तो चिंचेखाली दगडावर बसून मोबाईल बघत असतो, शनिवार-रविवारी तर दुपारपासूनच. मला वाटलं, इथे बसतो तो आमच्या नेटसाठीच. मी सरळ गेले आणि त्याची बायको, शेजारच्या दोघी-तिघी बसलेल्या असताना म्हणाले, "तुला नेट पाहिजे तर माग. चोरून कशाला घेतोस?"

तो उठला. मोबाईल माझ्या हातात दिला. वायफायचं बटण बंद होतं. त्याचं स्वतःचं रिचार्ज होतं, दोन दिवसांपूर्वीच केलेलं. "बग," तो म्हणाला. "अजून काय बगायचं तं बग." मी मोबाईल परत दिला. तो घरात गेला आणि त्यानंतर माझ्याशी बोलायचाच बंद झाला. चिंचेखाली बसणंही त्यानं सोडलं.

ते मी टीम लीडरला सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "अरे पागल, भांडण कशाला? राउटरचं पान उघड. कोण कोण बसलंय ते सगळं तिथे दिसतं."

राउटरला पान असतं हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं ती नुसती दिव्यांची पेटी आहे. पेटी उलटी केली तर खाली कागद चिकटवलेला होता. टिंबांनी जोडलेले आकडे, खाली आत जायचं नाव आणि पासवर्ड, दोन्ही एकच शब्द. मी ते आकडे लॅपटॉपवर टाकले आणि आत गेले. सगळं इंग्रजीत. एकेक शब्द बोटानं वाचत, मोबाईलवर अर्थ बघत, वहीत लिहीत गेले. तो मंगळवार होता. शेवटी ती यादी सापडली. यादीत दोनच नावं होती, माझा लॅपटॉप आणि माझा मोबाईल. मी निराश झाले. मग डोक्यात आलं, आज मंगळवार आहे. चोर असेल तर तो शनिवारी येतो.

शनिवारी सव्वाअकराला नेट गोल फिरायला लागलं तेव्हा मी पंधरा मिनिटांची सुट्टी टाकली आणि पान उघडलं. यादी खाली खाली लांबत गेली. नऊ नावं. दोन माझी. चार मोबाईल होते, त्यांतले दोन त्या कंपनीचे, ज्यांची जाहिरात मी फक्त वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या मोठ्या फलकावर बघितलेली. एक टॅब. एका वस्तूचं नाव मला कळलंच नाही. आणि एक नाव होतं 'लिव्हिंग रूम टीव्ही'.

मी ते दोनदा वाचलं. आमच्या पाड्यात ज्यांच्याकडे टीव्ही आहे त्यांच्याकडे तो चुलीपासून जरा लांब, भाताच्या कणगीशेजारी असतो. लिव्हिंग रूम कुणाकडेच नाही.

मी बाहेर आले. बंगल्याच्या भिंतीपलीकडून क्रिकेटच्या मॅचचा आवाज येत होता. दर शनिवारी येतो तसाच. भिंतीच्या कडेनं चालत गेले. बंगल्याच्या मागच्या खोलीच्या पत्र्याखाली, आमच्या घराकडे तोंड करून, एक पांढरी डबी लावलेली होती. तिच्यात हिरवा दिवा. ती मी आधीही पाहिली होती. मला वाटलेलं, कॅमेरा असेल.

बाबा बागेत होते. कुंपणातून हाक मारून मी त्यांना डबी दाखवली. "बाबा, ही कोणी लावली?"

"शेठनी. मानूस आनलेला मुंबईचा." बाबा डबीकडे बघत राहिले. "शिडी मीच धरलेली, बाय. काय हाय ती?"

"आपलं नेट ओढून घेते. तिकडे पसरते."

बाबांच्या हातात मातीनं भरलेलं खुरपं होतं. ते त्यांनी हळूच खाली ठेवलं. "मना काय म्हायत. मना वाटला लायट असंल."

पासवर्ड त्यांना कसा कळला, हे शोधायला फार डोकं लागलं नाही. कनेक्शन देताना नेटवाल्यानं पासवर्ड म्हणून माझा मोबाईल नंबर टाकला होता. "सगळ्यांचा असाच टाकतो, लक्षात राहतो," असं म्हणालेला. पूर्वी बंगल्याचं कनेक्शनही त्यानंच दिलेलं, म्हणजे त्यांना ही पद्धत ठाऊक. आणि माझा नंबर तर बंगल्याच्या पंपघरात भिंतीवर कोळशानं लिहिलेला होता, कारण बाबांच्या फोनला कधी चार्जिंग नसतं, काही अडलं तर माझ्या फोनवर करा म्हणून. कुलूप आम्हीच लावलं होतं आणि किल्ली त्यांच्या भिंतीवर लिहून ठेवली होती.

मला राग आला तो त्यांनी नेट घेतलं म्हणून नाही. अकरा वर्षं बाबा त्यांच्याकडे आहेत. एकदा विचारलं असतं, "तुझ्या मुलीचं नेट आहे, पाहुणे आलेत, जरा देशील का," तर बाबांनी मला सांगून दिलं असतं, मीही दिलं असतं. त्यांनी विचारलं नाही. आणि वर बाबांच्याच हातात शिडी दिली.

सुट्टीची नऊ मिनिटं उरली होती. मी आत येऊन नवा पासवर्ड टाकायच्या रकान्याशी थांबले. टीम लीडरनं सांगितलेलं, लांब पाहिजे, कुणाला सुचणार नाही असा पाहिजे, नाव-नंबर-जन्मतारीख नको. घाईत मला एक शब्द सुचेना.

"आई, लवकर. असे शब्द सांग जे शहरातल्या माणसाला ठाऊक नसतील."

आईला काय चाललंय ते माहीत नव्हतं, पण तिनं विचारलं नाही. तिनं एका भाताचं नाव सांगितलं, जे आता कुणी लावत नाही. मग तिच्या बापाच्या बैलांची नावं सांगितली. मग एका रानभाजीचं आमच्यातलं नाव, जे वज्रेश्वरीच्या बाजारातसुद्धा कळायचं नाही. मी ते सगळं एकापुढे एक, माझ्या मनाच्या स्पेलिंगनं लिहिलं, मधे दोन आकडे घातले. तो पासवर्ड पुढे मी बदलला, तरी त्यातला एकही शब्द इथे लिहीत नाही. सवय.

'सेव्ह' दाबलं. पेटीवरचे दिवे विझले. भिंतीपलीकडची मॅच वाक्याच्या मधोमध बंद पडली.

एवढी शांतता आमच्या घरात शनिवारी कधी ऐकली नव्हती. मग पलीकडून कुणीतरी ओरडलं, "अरे, काय झालं?" दुसरा म्हणाला, "नेट गेलं." आई खाटेवर हसायला लागली, आणि हसताना तिचा खुबा दुखला तरी हसतच राहिली. पेटीचे दिवे परत लागले. मी लॅपटॉपवर आणि मोबाईलवर नवा पासवर्ड टाकला. यादी उघडली. दोन नावं. माझी सुट्टी संपायला दोन मिनिटं होती.

अर्ध्या तासानं बाबा आले. शेठनी निरोप दिला होता, मुलीला विचार, नेट का बंद केलं. बाबांनी निरोप जसाच्या तसा सांगितला आणि दारात उभे राहिले.

"तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"काय न्हाय. विचारतो बोललो."

ते परत जायच्या आतच शेठ स्वतः आले. अकरा वर्षांत ते आमच्या अंगणात पहिल्यांदा आले. साठीच्या आसपासचे, अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी, वागायला तसे वाईट नाहीत. बाबांनी घाईघाईनं खुर्ची पुढे केली. आतून पाणी आणलं. ते बघून मला वाटलं, झालं, आता बाबा मला पासवर्ड सांगायला लावणार. लाज वाटते, पण मला तसं वाटलं.

शेठ बसले. "अगं, तुमचं नेट गेलंय का?"

"नाही. चालू आहे."

"आमच्याकडे येत नाहीये."

"तुमच्याकडे येत होतं ते माझंच होतं, शेठ."

ते हसले, अडखळले नाहीत. "हो, हो. आमचं आम्ही बंद केलं, दोन दिवसांसाठी येतो, वर्षभर कशाला ठेवायचं? तुझं तर चोवीस तास चालूच असतं. दोन दिवस आम्ही वापरलं तर झिजतं का काय?"

"झिजतं," मी म्हणाले. "तुमचा टीव्ही लागला की माझं बोलणं तुटतं. मी इथे बसून नोकरी करते. बोलणं तुटलं की ते माझ्या नावावर लागतं. दोन आठवड्यांनी मला परत गोदामात बोलावणार आहेत. मग आईकडे कोण बघणार?"

त्यांनी आत आईकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग बाबांकडे. "बरं, मी देतो ना काहीतरी महिन्याचं. त्यात काय? नवा पासवर्ड सांग." मग ते बाबांकडे वळले. "सांग रे तिला."

बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी डोक्याचं मुंडासं काढलं, हातात धरलं.

"न्हाय, शेठ."

शेठना बहुतेक ऐकू गेलं नाही. "काय?"

"न्हाय द्यायचा. ती तिची ड्युटीची वस्तू हाय. तुमच्या पंपाची चावी माझ्याकडं हाय, ती मी कुनाला देतो काय? माझा भाऊ आला मागायला, तरी न्हाय दिली. तुमाला म्हायत हाय." ते एवढं सलग कधी बोलत नाहीत. "आनि तुमी मना शिडी धरायला लावली. काय लावताय ते सांगायला पायजे व्हता."

शेठ उठले. "एवढ्याशा गोष्टीवरून," असं काहीतरी म्हणाले आणि गेले. पाण्याचा तांब्या तसाच राहिला. बाबांनी तो उचलून तुळशीऐवजी दारातल्या मिरचीच्या रोपाला ओतला, मुंडासं बांधलं, आणि मला म्हणाले, "जा, बस कामाला. तुझी मानसं वाट बगत असतील."

मी बसले. डोळ्यांत पाणी होतं, स्क्रीन नीट दिसत नव्हता. पण त्या दुपारी मी एकही चॅट सोडली नाही. संध्याकाळपर्यंत सलग लिहीत होते, आणि प्रत्येक वेळी 'पाठवा' दाबलं की ते लगेच जायचं.

मी तेवढ्यावर थांबले नाही. आता पान उघडायला शिकले होते, तर पूर्णच शिकायचं ठरवलं. पेटीच्या खाली छापलेला पासवर्ड म्हणजे पेटीच्या आत शिरायची वाट, तो अशा बहुतेक पेट्यांना एकच असतो, तो बदलला. पेटीच्या मागे एक बटण असतं, ते दाबलं की पासवर्डशिवायच आत घेतं, ते बंद करून टाकलं. जुन्या पद्धतीचं कुलूप होतं, त्याजागी नवीन पद्धतीचं निवडलं. वायफायच्या नावात नेटवाल्यानं आमचं आडनाव टाकलं होतं, ते काढलं. पाहुण्यांसाठी वेगळं नेट करता येतं, तेही केलं, त्याला वेग कमी ठेवला आणि माझ्या ड्युटीच्या वेळी ते बंद राहील असं लावलं. कुणी नातलग आला, फॉर्म भरायचा असला, तर तो पासवर्ड द्यायचा. हे सगळं मला एका दिवसात जमलं नाही. दोनदा मी स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं आणि पेटी सुईनं टोचून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली. पण वहीची पानं भरत गेली.

शेठनी बाबांना बोलावल्याशिवाय येऊ नको म्हणून सांगितलं, आणि दोन आठवडे बंगल्यावरून बोलावणं आलं नाही. बाबांनी घरचं कुंपण बांधलं, कौलं फिरवली, आईला धरून अंगणात चार-चार पावलं चालवलं. मला रोज वाटायचं, माझ्यामुळे झालं. एकदा तसं बोलले तर म्हणाले, "तुझ्यामुळं न्हाय. माझ्या तोंडातून गेला तो शब्द. मना बरा वाटला."

मग एका शुक्रवारी माझ्या फोनवर शेठचा फोन आला. पंप चालत नव्हता, टाकी रिकामी, दुसऱ्या दिवशी पाहुणे. बाबांना दे म्हणाले. मी बाबांना फोन दिला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येतो. पन ती डबी काढा आधी. मग पंप बगतो." पलीकडून काय उत्तर आलं मला कळलं नाही. बाबा गेले. दोन तासांनी परत आले तेव्हा त्यांचे कपडे ओले होते, म्हणजे पंप चालू झाला होता. दुसऱ्या दिवशी मी भिंतीकडे जाऊन बघितलं, डबी तिथे नव्हती. पुढच्या महिन्यात शेठनी स्वतःचं कनेक्शन परत घेतलं. मॅचचा आवाज अजून येतो, पण आता तो त्यांच्या नेटवर येतो. बाबा अजून तिथेच कामाला आहेत. बागेतल्या आंब्यांना त्यांनीच रोपापासून वाढवलं आहे, ते सोडून ते कुठे जाणार नाहीत. फक्त आता शेठ त्यांना काही सांगताना आधी काय आहे ते सांगतात.

माझ्या सोडलेल्या चॅट कमी होत होत नाहीशा झाल्या. टीम लीडर मग पुन्हा मोठ्यानं बोलायला लागली. घरून काम करणाऱ्या बऱ्याच बायकांना हाच त्रास आहे म्हणाली, कुणाचं नेट शेजारी ओढतात, कुणाचं खालचा दुकानदार. एका दुपारी तिनं व्हिडिओवर सगळ्यांना जमवलं आणि मला सांगितलं, "आता तू सांग." शहापूर, कल्याण, अंजूर, भिवंडी, कुठल्या कुठल्या बायका. मी वही पुढे घेतली आणि आधी मराठीत, मग हिंदीत सांगितलं. पेटी उलटी कशी करायची, यादी कशी बघायची, कुठल्या दिवशी बघायची. अंजूरच्या एका बाईनं तिथल्या तिथे यादी उघडली आणि किंचाळली, तिच्या नेटवर चौदा नावं होती. आई मागे खाटेवर बसलेली, तिला म्हटलं होतं हलू नकोस, दिसशील. ती मुद्दाम हलली. नंतर म्हणाली, "दिसले तं दिसले. माझी पोर शिकवतेय ना."

आत्येभावाकडे मी गेले होते, त्या शनिवारनंतर लगेचच. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागितली. तो तोंड फिरवूनच म्हणाला, "माझा रिचार्ज तुझ्या नेटपेक्षा फास्ट चालत होता, तेव्हाच कळायला पायजे व्हता तुला." तिथे सगळे हसले आणि विषय मिटला. त्याची बायको दुसऱ्या गावची, बारावीपर्यंत शिकलेली, लग्नानंतर घरातच होती. तिनं हळूच विचारलं, असं काम मलाही मिळेल का? मी टीम लीडरशी बोलले. परीक्षा झाली, टायपिंगमध्ये एकदा नापास झाली, माझ्या लॅपटॉपवर महिनाभर बोटं चालवून, मधेमधे माझी वही चाळून, दुसऱ्यांदा पास झाली. बाबांनी आणखी दोन बांबू रोवले. तोच नेटवाला आला, या वेळी बोलावल्यावर लगेच, आणि सवयीनं तिचा मोबाईल नंबर पासवर्ड म्हणून टाकून गेला.

मी संध्याकाळी तिच्याकडे गेले, म्हटलं पासवर्ड बदलून देते, पान उघडून दाखवते. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "झाला बदलून. दुपारीच केला. आतला पन बदलला, मागचा बटन पन बंद केला."

मला विश्वास बसेना. मी पेटी उलटी करून बघितली, मोबाईल काढला. तिचं नेट दिसत होतं, नाव भलतंच ठेवलेलं. मी म्हटलं, "सांग बघू पासवर्ड, नीट लांब ठेवलास का ते बघते."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "न्हाय सांगायची, ताय. तूच शिकवलंस."